टॉवेलच्या गठ्ठ्यांआड केलेला अल्बम

स्लॅम या मेटलच्या प्रकारात स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला काठीने वाजवायचा चपटा ड्रम, 'टण्' वाजावा लागतो. 'धाड' नाही, 'थप्प' नाही, टण्. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की रेकॉर्डिंग बिघडलंय. पण त्यामागे साधा हिशेब आहे. मिनिटाला २२० मात्रांच्या टेम्पोला ब्लास्ट बीट, म्हणजे उसंत न घेणारी भरधाव लय, चालू असताना स्नेअरवर सेकंदाला सात-साडेसात ठोके पडतात, खाली किकवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, दोन्ही पाय त्याच्या दुपटीने चालतात आणि वरून दोन गिटारी सगळी जागा व्यापून बसलेल्या असतात. त्या गदारोळात भरीव, खोल आवाजाचा स्नेअर बुडतो. धातूच्या शेलचा ड्रम घ्यायचा, वरचं हेड चावीने तट्ट ताणायचं, त्यावर टेपबिप काही लावायचं नाही. मग जी किणकिण उरते ती सगळ्यांच्या वर डोकं काढते. इतर संगीतात साउंडवाले ही किणकिण मारण्यासाठी धडपडतात. आम्ही तिच्यासाठी जीव टाकतो.

आमच्या बँडचं नाव इथे देत नाही. लोगोत ते लिहिलेलं आहे, आणि लोगो आमच्या घरच्यांनाही वाचता येत नाही. आम्ही चौघं सोलापूरचे: एक ड्रमर, एक गायक, एक बासवाला आणि मी गिटारवर. दुसरी गिटारही मीच वाजवतो, रेकॉर्डिंगही मीच केलं. पैसे नव्हते हे एक कारण. दुसरं म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत तासावर भाडं भरून हा प्रकार समजावत बसायचं आमच्या जिवावर आलं होतं.

ज्यांना हे ऐकून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रूटल डेथ मेटल म्हणजे मेटल संगीतातला अतिजड, अतिवेगवान प्रकार; स्लॅम हा त्याचा पोटप्रकार, आणि त्याचं मूळ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. तिथल्या सफोकेशन या बँडचा पहिला अल्बम १९९१ चा. त्यात भरधाव चाललेलं गाणं मध्येच तुटतं आणि अर्ध्या लयीतली, मान खाली ओढणारी जड रिफ, म्हणजे गिटारीचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, येते. पुढे इंटर्नल ब्लीडिंग, पायरेक्सिया वगैरे तिथल्याच बँडांनी त्या तुकड्यावर मुक्काम ठोकला. टेक्सासमधल्या डॅलसच्या डिव्हावरमेंटचा पहिला अल्बम १९९९ ला आला, तोवर हा तुकडाच गाण्याचा जीव झाला होता. आपल्याकडे मुंबईचा गटस्लिट हा बँड २००७ पासून ब्रूटल डेथ वाजवतोय. २०१३ ला त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, आणि हे इथूनही करता येतं हे आम्हाला तेव्हा पटलं.

लोकांना वाटतं यातला वेग अवघड आहे. वेग मेहनतीने येतो, रोज मेट्रोनोम लावून बसलं की वर्ष-दोन वर्षांत पाय उचलू लागतात. अवघड आहे ते थांबणं. ब्लास्ट संपतो, सम येणार असते आणि तिच्या आधी अर्धी मात्रा पूर्ण रिकामी असते. त्या अर्ध्या मात्रेत काहीही ऐकू येता कामा नये. तार नाही, झांज नाही, खोलीचा घुमारा नाही, श्वास नाही. ती जागा जितकी कोरी, तितका पुढचा स्लॅम छातीत बसतो. आमची सगळी यातायात या अर्ध्या मात्रेसाठी होती, असं म्हटलं तरी चालेल.

ड्रम रेकॉर्ड करायला ड्रमरच्या मामांचा कारखाना मिळाला. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागावर टेरी टॉवेल काढतात. आमचा गायक तिथेच जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की त्याच्या नावाने हाक. माग चालू असताना तिथे रेकॉर्डिंग सोडा, शेजारच्याशी बोलताही येत नाही. कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात आणि उरलेलं हातवाऱ्यांवर भागवतात. त्यामुळे आमच्या वाट्याला सुट्टीचे दिवस आले. सगळ्यात मोठी संधी होती नारळी पौर्णिमा. त्या दिवशी मार्कंडेय रथोत्सव असतो, पूर्व भागातले कारखाने बंद असतात आणि अख्खी गल्ली रथाकडे. मामांनी किल्ली देताना एकच अट घातली, 'माल खराब करायचा नाय.'

पत्र्याचं छत, सिमेंटची जमीन, चारी बाजूंना विटांच्या भिंती. टाळी वाजवली की आवाज भिंतींना धडकत हिंडत राहायचा. स्नेअरचं टण् छान उमटत होतं, पण ते संपतच नव्हतं. म्हणजे आमची अर्धी मात्रा गेली. सुदैवाने आवाज शोषायला लागतो तो माल तिथे ढिगांनी होता. टॉवेल आणि चादरी सच्छिद्र असतात, वरच्या पट्टीतला आवाज त्यांत शिरला की जिरतो. पातळ कापडाने खर्ज मात्र अडत नाही, त्याला जाडी लागते. म्हणून आम्ही बांधलेले टॉवेलचे गठ्ठे कोपऱ्यांत छताच्या दिशेने रचले, आणि ड्रमच्या भोवती दोऱ्या बांधून त्यांवर डागी मालातल्या चादरी टांगल्या. लोक स्टुडिओसाठी फोमचे तुकडे मागवतात. सोलापुरात राहून फोम मागवणं मला तरी शोभलं नसतं.

तरीही काहीतरी झिणझिणत होतं. किक वाजली की कुठूनतरी बारीक 'सिर्रर्र' यायची. स्नेअरच्या खालची स्प्रिंग सैल केली, झांजांचे नट काढून बघितले, स्टँड आवळले. शेवटी गायकाने मागांच्या रांगेतून कान लावत फिरून शोधलं. मागावर टांगलेल्या बारीक लोखंडी तारा किकच्या खर्जाने थरथरत होत्या. ज्या माणसाला चालू कारखान्यात एका मागाची कुरकुर वेगळी ऐकू येते, त्याला हे सापडायला वेळ लागला नाही. जवळच्या सगळ्या मागांवर चादरी पांघरल्या आणि तो प्रश्न संपला.

ड्रमवर झांजांच्या वर दोन माइक लावतात. ते स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत. एक जवळ, एक लांब झाला तर तोच ठोका दोन वेगळ्या क्षणी पोचतो, आणि दोन्ही आवाज एकत्र केल्यावर स्नेअर पोकळ होतो. टेपने मोजायला गेलं की झांजा आडव्या येतात. मामांनी सूत गुंडाळलेल्या कोनावरून सूत तोडून दिलं. एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबून धरायचं, दुसरं एका माइकपर्यंत ताणायचं, तिथे गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला भिडवायची. गाठ भिडली की काम झालं. मामा हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. ब्लास्ट सुरू झाला तसे उठले आणि भाच्याला म्हणाले, 'काय बे, आठवडाभर हाच आवाज ऐकतो मी. सुट्टीला पण तेच करलालास?'

दुपारी रथाच्या मिरवणुकीतून परत येताना ओळखीचे एक हलगीवाले अण्णा दारात थांबले. त्यांना आवाज बाहेरून ऐकू आला होता. आत येऊन त्यांनी स्नेअरवर बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि विचारलं, 'तापवलीस का?' हलगीचं कातडं विस्तवावर शेकतात. दमट हवेत ते सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी आणि मध्येमध्येही धग द्यावी लागते. ड्रमरने सांगितलं की हे प्लास्टिक आहे, शेकलं तर वितळेल, याला चावी असते. अण्णांनी चावी हातात घेतली आणि एकेक स्क्रू थोडा थोडा पिळत, प्रत्येकाजवळ टिचकी मारत फिरले. दोन स्क्रूंजवळ सूर उतरलेला होता, तो त्यांनी वर घेतला. आमच्याकडे ट्यूनिंगचं ॲप होतं. त्यानंतर ते उघडलं नाही.

ब्लास्ट त्यांना आवडला नाही. 'ही नुसती गडबड आहे,' म्हणाले. इथे माझा त्यांच्याशी वाद आहे. गडबड नसेल तर थांबण्याला अर्थ राहत नाही. पण स्लॅमचा भाग लागला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हलगीचा आणि घुमक्याचा ठेका तोंडाने म्हणून दाखवला, हलगी वर तडतडते आणि घुमकं खाली मोजकंच बोलतं तो. ड्रमरने त्यातला घुमक्याचा भाग किकला घेतला. अल्बममधल्या चौथ्या गाण्याची शेवटची रिफ त्याच्यावर बसलेली आहे.

ट्रिगरबद्दलही सांगून टाकतो, कारण त्यावरून मेटलवाल्यांत भांडणं होतात. किकच्या हेडला सेन्सर लावायचा आणि प्रत्येक ठोक्याला आधी रेकॉर्ड केलेला एक स्वच्छ आवाज वाजवायचा. काही जण याला फसवणूक म्हणतात. सेकंदाला चौदा-पंधरा ठोके पडत असताना पायाची ताकद प्रत्येक वेळी सारखी राहत नाही, आणि माइकला नुसता खडखडाट मिळतो. आम्ही किकला ट्रिगर लावला. स्नेअर आणि टॉम जसे वाजले तसे ठेवले. पाय ड्रमरचेच आहेत, शंका असलेल्याने येऊन बघावं.

गिटारी माझ्या घरी, जुळे सोलापुरात झाल्या आणि रेंगाळत रेंगाळत उन्हाळ्यात शिरल्या. आम्ही ड्रॉप ए लावतो, म्हणजे सगळ्यात जाड तार खालच्या ए सुरापर्यंत उतरवतो. साध्या गिटारीची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर असते, आमची ५५ वर. नेहमीच्या सेटमधली ०.०४६ इंची तार इतकी उतरवली की ती लोंबायला लागते, सूर धरत नाही. त्यासाठी ०.०६२ ची लागते. ती इथल्या दुकानांत मिळत नाही, मागवावी लागते, आणि आली की मानेवरच्या खाचेत बसत नाही. पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्या काकांनी बारीक कानशीने खाच रुंद करून दिली. 'एवढा खालचा सा कुणाला लागतो रे?' एवढंच विचारलं.

मग घूं सुरू झाली. पावसाळ्यात याच खोलीत, याच गिटारीवर डेमो केले होते तेव्हा ती नव्हती. आता तारांना हात लावला की कमी व्हायची, हात काढला की वाढायची. विजेच्या लाइनची घूं ५० हर्ट्झची आणि आमची खालची तार ५५ ची, इतकी जवळ की फिल्टर लावून घूं कापायला जावं तर तारेचा खर्जही सोबत जातो. आणि डिस्टॉर्शनमधून गेल्यावर ती घूं रिकाम्या अर्ध्या मात्रेत मोठ्याने ऐकू यायची. आवाज बंद झाला की बंद होणारं गेट असतं, ते लावलं, पण रिफ आणि घूं यांच्यात फरकच कमी असेल तर गेट तरी काय करणार. कधी तारेचं शेपूट तोडायचं, कधी घूं आत सोडायचं.

वायरमनला बोलावलं. त्याने खोलीकडे बघितलंही नाही, सरळ अंगणात गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी उचलली. मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी, भोवती काळी माती, आणि मातीला बोट जाईल अशा भेगा. 'ही माती कोरडी झाली की करंट जमिनीत जात नाय साहेब. पाणी ओता.' पावसाळ्यात घूं का नव्हती याचं उत्तर तिथे मिळालं. एक बादली ओतली आणि आत येऊन ऐकलं, घूं निम्म्याच्या खाली आली होती. रोज ओतावं लागेल असं तो म्हणाला. आता सोलापुरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं आणि घराघरात पिंपं भरून ठेवलेली असतात. आईने मला पिंपातली बादली खड्ड्यात ओतताना बघितलं आणि जे बोलायचं ते बोलली. तह असा झाला की कपडे धुतलेलं पाणी खड्ड्याला. त्यामुळे त्या उन्हाळ्यात ज्या दिवशी घरात धुणं, त्याच दिवशी गिटारीचं रेकॉर्डिंग.

गिटारीबाबत एक गोष्ट मला फार उशिरा पटली, आणि ती नव्या मुलांना कितीही सांगितली तरी पटत नाही. डिस्टॉर्शन जेवढं जास्त, तेवढा आवाज पातळ होतो. खोलीत एकट्याने वाजवताना गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं बटण, पूर्ण वर नेला की भारी वाटतं. तीच रिफ डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, अशी दोनदा वाजवून ड्रमखाली ठेवली की नुसता फुसफुसाट उरतो, तारेवर बसलेली पिकची थाप ऐकू येत नाही. मी गेन निम्म्यावर आणला आणि हाताने जास्त जोरात वाजवलं. पुढे मिक्स करताना गिटारीतलं ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकलं. म्हणजे ५५ च्या तारेचा मूळ सूरच काढला. तरी कान तो ऐकतो. वरचे ११०, १६५, २२० हे त्याचे पटीतले सूर शिल्लक असले की खालचा मेंदू भरून काढतो. खालची जागा बास आणि किकसाठी मोकळी झाली आणि गिटार पहिल्यापेक्षा जड वाटायला लागली. बासवाला खूश झाला. इतकी वर्षं वाजवतोय, पण रेकॉर्डवर त्याला स्वतःचा बास पहिल्यांदाच ऐकू आला.

गायकाच्या आवाजाबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. घसा फाटत नाही का? चुकीचं केलं तर फाटतो. आपण बोलतो ते खालच्या स्वररज्जूंनी. त्यांच्या वर आणखी एक जोडी असते, मांसल पडद्यांची. गिळताना श्वासनलिका झाकायला त्यांची मदत होते, एरवी बोलण्यात त्यांचं काही काम नसतं. गटरल, म्हणजे या प्रकारातला खोल गुरगुरणारा आवाज, काढताना हे वरचे पडदे जवळ आणून थरथरवायचे, आणि जोर घशातून नाही, पोटातून द्यायचा. आमच्या गायकाला एकदा घसा बसल्याने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. त्यांनी नळी घालून तपासताना उत्सुकतेपोटी त्याला तो आवाज काढायला लावला आणि पडद्यावर दाखवलं की खालच्या रज्जू जवळपास शांत आहेत, वरचे पडदे फडफडतायत. घसा बसला होता तो कारखान्यात ओरडून बोलल्यामुळे. त्यात गटरलचा दोष नव्हता.

रेकॉर्डिंग कांड्या ठेवायच्या खोलीत केलं, पोत्यांच्या मध्ये. बाहेर उभं राहिलं तर कुणी घसा खाकरतंय एवढंच वाटायचं. हा आवाज मुळात मोठा नसतोच. माइकच्या अगदी जवळ, जवळपास बोलण्याच्या पट्टीत काढायचा असतो, तो राक्षसी होतो तो नंतर. जो जोर लावून ओरडतो त्याचा खर्ज निघून जातो. त्या काळात गायकाची शेंगा चटणी आणि कडक भाकरी बंद. चटणीचं तिखट-तेल एक वेळ चालेल, पण भाकरीचा कण घशात अडकला की तासभर खोकला. सोलापूरच्या माणसाला मऊ वरणभातावर ठेवणं ही शिक्षा आहे, तो रोज बोलून दाखवायचा. आत श्वास ओढून काढायची किंचाळी, ज्याला जगभर डुकराची म्हणतात, ती एकाच गाण्यात ठेवली. तिने घसा कोरडा पडतो, आणि मला ती फार आवडतही नाही.

शब्दांवर आमचं भांडण झालं. या प्रकाराची गाणी परंपरेने कापाकापीची असतात, आणि त्यातली कितीतरी बायकांवरच्या हिंसेची. कुणाला काही कळत नाही, मग काय फरक पडतो, असं बासवाल्याचं म्हणणं. पुस्तिकेत छापायचे आहेत ना, मग फरक पडतो, असं माझं. निकाल गायकाने लावला. त्याचे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते, शेवटी छातीने गेले. कापसाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली की एक आजार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण अशी की साप्ताहिक सुट्टीत माणसाला बरं वाटतं आणि कामाच्या पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते. आजोबांना सोमवार नकोसा का असायचा हे नातवाला त्यांच्या मागे कळलं. या विषयावर त्याने चार गाणी लिहिली. मला वाटतं, उसन्या प्रेतांपेक्षा ती जास्त भयंकर आहेत.

भाषा मराठी, मध्ये तेलुगू, एका ठिकाणी कानडी शिवी. गटरलमध्ये व्यंजनं गळून पडतात आणि तोंड गोल करून काढलेले स्वर उरतात. 'घुसमट', 'भोंगा', 'धूर', 'गोळा' हे शब्द तोंडात नीट बसतात. 'छाती' काही केल्या बसेना, म्हणून ज्या आजारावर गाणं आहे त्यात छाती हा शब्द एकदाही नाही.

मिक्स घरी केलं आणि फसत होतं ते एकाच ठिकाणी. स्लॅम पडतो त्या क्षणी खाली सब-ड्रॉप असतो, साधारण साठ हर्ट्झवरून तीसकडे घसरत जाणारा शुद्ध खर्ज. मोबाइलच्या स्पीकरवर तो येतच नाही. हेडफोनवर येतो पण अंगावर येत नाही. मोठ्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय खरं काय ते कळणार नव्हतं, आणि सोलापुरात मोठे स्पीकर कुणाकडे असतात हे काय सांगायला हवं? मिरवणुकीतल्या डीजेवरून शहरात मोठा वाद आहे, आणि घरात म्हातारं माणूस असलेल्याच्या बाजूने मी आहे. पण त्या वादाला अर्ध्या तासाची सुट्टी देऊन अक्कलकोट रोडच्या एका गोडाऊनमध्ये गेलो. एप्रिलमधल्या जयंतीची गडबड संपली होती, डीजेवाला निवांत होता. त्याने अठरा इंची सबचे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचे, चार डबे जोडले.

पहिला स्लॅम पडला आणि नुसता धुरळा ऐकू आला. तो डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, मग म्हणाला, 'तुझा ड्रॉप आणि तुझी किक एकाच दारातून निघायलेत बे. एकाला थांबव.' बेस वाढवू का असं मी विचारलं. 'वाढवतोस कशाला? कमी कर, मग वाजतंय.' लॅपटॉप तिथेच होता. ज्या ठोक्यावर ड्रॉप येतो तेवढ्याच किकचा खालचा भाग कापला, फक्त वरची टक ठेवली, आणि ड्रॉपचं शेपूट पुढच्या ठोक्याच्या आधी संपवलं. परत लावलं. गोडाऊनचं शटर वाजलं आणि शेजारच्या टपरीवरचा माणूस बघायला आला.

मास्टरिंगमध्ये हाच धडा कामाला आला. या प्रकारातले अल्बम आवाज ठेचून ठेचून मोठे करतात. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा तो परत उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास खाली आणतात, त्यामुळे ठेचून हाती फार काही लागत नाही. आणि ठेचलं की बारीक आवाज वर येतो, रिकामी अर्धी मात्रा पुन्हा खरखरते. आम्ही उणे नऊवर थांबलो. आमच्या प्रकारात हे मवाळ समजलं जातं, ऐकणाऱ्याने आवाजाचं बटण थोडं फिरवावं.

बाकी सोपस्कार. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वितरकाची फी, शब्दांवर 'एक्स्प्लिसिट'ची खूण, ती कानडी शिवीमुळे. मुखपृष्ठावर फुफ्फुसं आहेत, सुताच्या गुंत्यात अडकलेली. पोस्टर छापायला फ्लेक्सवाल्याकडे दिलं तर त्याने लोगोवर बोट ठेवून विचारलं, 'ही झाडाची मुळं सेंटरला घ्यायची का वर?' वर घेतली. थोड्या सीडी काढल्या. त्या मागवणारे बहुतेक परदेशातले, ज्यांना सीडी जमवायचा नाद आहे असे. आठ गाणी, अठ्ठावीस मिनिटं. मामांना हेडफोनवर ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं ते एवढंच की मागे माग चालू आहेत का. नव्हते.

वाजवायला सोलापुरात जागा नाही हे खरंच आहे. हॉलवाले गाण्याचा प्रकार विचारतात, एक मिनिट ऐकतात आणि तारीख नसते. पुण्याला एक गिग ठरतोय, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जायचं आणि स्नेअर मांडीवर घेऊन बसायचं.

इथे अल्बमचा सगळ्यात चिवट श्रोता तो डीजेवालाच निघाला. परवा फोन आला. 'ते तिसरं गाणं पेन ड्राइव्हवर दे. साउंड चेकला झकास आहे, सबचा दम लगेच कळतो. फक्त मधलं ते डुक्कर काढून दे.' मी गायकाचा आवाज पूर्ण काढून दिलं. गायकाला ते इथेच कळेल.